बैलाचं पोट आणि पोळ्याची पुरणपोळी

चार पोटं असल्यामुळे गायीबैलांना गवत पचतं, असं म्हटलं जातं, पण ते बरोबर नाही. पोट एकच, कप्पे चार. आणि गवतातलं सेल्युलोज फोडणारं विकर (एन्झाइम) त्यांच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव करतात. त्यातून तयार होणारी मेदाम्लं तिथल्याच भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि जनावराला बहुतेक ऊर्जा त्यांतूनच मिळते.

म्हणून पोळ्याला कौतुकानं बैलापुढे पुरणपोळ्यांची, धान्याची रास ओतू नका, ही कळकळीची विनंती. एकदम एवढा गूळ आणि पिष्ट मिळालं की कोटीपोटात लॅक्टिक आम्ल साचतं, रवंथ बंद होतो, जनावर दगावतंसुद्धा. आमच्याकडे नैवेद्याची एकच पोळी देतात, बाकी नेहमीचा कडबा.