'फेल्युअर'ला मराठीत काय म्हणायचं? चूक, बिघाड की आणखी काही?

शाईपेन:
पेशंट सेफ्टीच्या ट्रेनिंगसाठी काही पानं मराठीत करतोय. 'कॉम्प्लेक्स सिस्टिम'ला गुंतागुंतीची यंत्रणा घेतलं (व्यामिश्र लिहिलं की वाचणारा तिथेच थांबतो), पण 'फेल्युअर'ला अडकलोय. अपयश म्हटलं की परीक्षेचा निकाल आठवतो, बिघाड म्हटलं की मशीन, आणि चूक लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, कुणाची?

रात्रपाळी:
तोच तर घोळ आहे. काही झालं की 'निष्काळजीपणा' शब्द तयारच असतो. विनक्रिस्टीन घ्या, कॅन्सरचं औषध, शिरेतूनच द्यायचं, पाठीच्या मणक्यातून गेलं तर पेशंट सहसा वाचत नाही. असे मृत्यू बऱ्याच देशांत झालेत आणि दर वेळी सुई टोचणारा हात सापडतो, पण मणक्यातून द्यायचं दुसरं औषध आणि हे, दोन्ही सारख्याच सिरिंजमध्ये भरून एकाच वेळी त्याच्यासमोर आली कशी हे कोण बघणार? २००७ मध्ये डब्ल्यूएचओनं सांगितलं की हे सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्या. पिशवी कोण मणक्यातून देणार! माणसं तीच राहिली, फक्त सिरिंज गेली.

जुनीवही:
'चूक' हे नाम सोडा, क्रियापद बघा की. बस चुकली, वाट चुकली, हिशोब चुकला, यात दोषी कोण हे वाक्य विचारतच नाही. 'सिस्टरनं चूक केली' आणि 'औषध चुकलं' यात केवढा फरक आहे.

शाईपेन:
भारी, पण 'औषध चुकलं' म्हणजे डोस राहिला की भलतंच दिलं? वॉर्डात हे लिहिलं तर त्यातूनच नवा गोंधळ व्हायचा :)

जुनीवही:
हो, तिथे फसलो. पण 'अपघात थोडक्यात चुकला' बघा, 'नियर मिस'ला (होता होता टळलेल्या अपघाताला) आपल्याकडे आधीपासून बोलीतलं वाक्य आहे आणि आपण 'निकट-हुकणे' वगैरे घडवत बसतो.

रात्रपाळी:
आणि चुकवणे! रिचर्ड कुक नावाच्या भूलतज्ज्ञानं १९९८ मध्ये १८ मुद्दे लिहिले होते, त्यात हेच आहे की गुंतागुंतीची यंत्रणा कायम काही ना काही बिघडलेल्या अवस्थेतच चालू असते, आणि चालते कारण आतली माणसं सतत सांभाळून घेत असतात. आमची अख्खी ड्यूटी म्हणजे अपघात चुकवणे, पण रजिस्टरला नोंद फक्त घडलेल्याची, चुकवलेल्याची नाही.

कानामात्रा:
जाता जाता, 'हाइंडसाइट बायस'ला पश्चातबुद्धी लिहू नका. पश्चातबुद्धी ज्याच्या हातून घडलं त्याला उशिरा सुचते. इथे नंतर चौकशीला बसलेल्यांना सगळं आधीच उघड होतं असं वाटतं, मागाहूनचं शहाणपण म्हणा. आणि 'रूट कॉज'ला मूळ कारण नको, एकच असल्यासारखं वाटतं. झाडाला काय एकच मूळ असतं? 'मुळं' करा.

शाईपेन:
मुळं घेतलं, शहाणपणही घेतलं. नियर मिस = थोडक्यात चुकलेलं. फेल्युअरला सध्या बिघाडच ठेवलंय, मशीन आठवलं तर आठवू दे, निदान कुणाचं नाव तरी नाही आठवणार.