मोठ्या कारखान्यात घासलेली वर्षं – तुमचेही अनुभव लिहा

जुना_पंच: काल माळ्यावरून पितळी डबे काढताना कंपनीचं ओळखपत्र सापडलं. फोटोत मिशी काळीकुळकुळीत! जळगाव एमआयडीसीत पाइपाच्या कारखान्यात ११ वर्षं एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनवर होतो. लाइट गेली की बॅरलमधला पीव्हीसी जळायला लागायचा, तो आंबट धूर थेट डोळ्यांत. मग डाय (पाइपाचा साचा) खोला, आतला स्क्रू काढा, खरवडत बसा. बाहेर मे महिन्यातले ४५, मशीनपाशी किती ते कोणी मोजलंच नाही. पण नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले, अन् दोन वर्षं अडलेली सोयरीक पंधरा दिवसांत जमली. सासऱ्यांनी मुलगी मला नाही, गेटावरच्या पाटीला दिली. आता स्वतःचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. झोप तेवढी अजून पाळीचीच, पहाटे चारला डोळे टक्क.

तापीकाठ: काय भो, जुन्या खपल्या काढी ऱ्हायना का?

तापीकाठ: बरं, गंमत सोडा. पगार ठरल्या तारखेला, हेच खरं. आमच्या बापाने केळीत आयुष्य काढलं. घड कापायला आले की भाव पडलाच. किंवा वादळ.

पिवळं_कार्ड: मी ठेकेदाराकडून होतो. तेच मशीन, तेच काम, कार्डाचा रंग वेगळा. ५ वर्षं भरायच्या आत ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. ग्रॅच्युइटी विसरा. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, आमच्या हातात सिंगल. दिवाळीला पर्मनंटवाल्यांना बोनस अन् मिठाई, आम्हाला मिठाई.

लॅबवाली: मी क्वालिटीत होते. आईचं ऑपरेशन ईएसआयमुळे (कामगार विमा) निभलं, नाहीतर दागिने मोडावे लागले असते. पुढे पगार ईएसआयच्या तेव्हाच्या २१,००० च्या मर्यादेवर जायची वेळ आली तेव्हा वाढीच्या आनंदापेक्षा कार्ड जाणार याचीच धास्ती. बाई म्हणून रात्रपाळी नव्हती, अन् रात्रपाळी केली नाही म्हणून सुपरवायझरपद नव्हतं. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

भरीतप्रेमी: कॅन्टीनचं कोणीच बोलेना? तेव्हा २५० च्या वर कामगार असले की ठेवावंच लागायचं. आमच्याकडे हिवाळ्यात एकदा भरीत केलं. उकडलेल्या वांग्यांचं!! जळगाव जिल्ह्यात!!

तापीकाठ: @भरीतप्रेमी पोलिसात द्यायला हवं होतं.

वरणगावचा: आमचे बाबा वरणगावच्या ऑर्डनन्समध्ये, म्हणजे सरकारी दारूगोळा कारखान्यात. क्वार्टर, शाळा, दवाखाना सगळं आवारातच, लहानपणी वाटायचं जग तिथेच संपतं. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ७ सरकारी कंपन्या केल्या, वरणगाव म्युनिशन्स इंडियात गेलं, भुसावळ यंत्र इंडियात. बाबा त्याआधीच रिटायर झालेले. तरी भोंग्याच्या वेळी अजून घड्याळ बघतात.

जुना_पंच: @पिवळं_कार्ड वाईट वाटलं भाऊ. आमच्या लाइनवरही तुमच्यासारखी पोरं होती. तेव्हा आम्ही पर्मनंटवाले काही बोललो नाही, खरं सांगतो.

पिवळं_कार्ड: तुम्ही बोलले असते तर तुमचंही कार्ड पिवळं झालं असतं. सोडा. पुतण्याचा आयटीआय फिटर झालाय, अप्रेंटिस कुठे घेताहेत का?

वरणगावचा: व्यनि (खासगी निरोप) करतो.

भरीतप्रेमी: वांगी बामणोदचीच पाहिजेत अन् भाजायला कपाशीच्या काड्या. कोणाकडे आहेत का? नशिराबादपर्यंत येऊन घेऊन जाईन.

लॅबवाली: आमच्या शेतात पडल्यात. ट्रॅक्टर तुम्ही आणा.