स्वसंरक्षणासाठी .३२ बोअर : रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

खानापूरकर :

नमस्कार. मी विट्याजवळच्या एका गावचा. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात तीस वर्षे कोइमतूरला काढली आणि दोन वर्षांपूर्वी तिकडचे दुकान धाकट्या भावाच्या हाती देऊन गावी परतलो. अजूनही महिन्यातून चार-सहा वेळा सोने घेऊन तासगाव, सांगली, कराड असा प्रवास करावा लागतो. गेल्या श्रावणात रात्री परतताना दोन मोटारसायकली आठ-दहा किलोमीटर आमच्या गाडीच्या मागे लागल्या होत्या. एका गावात मिरवणूक आडवी आली, म्हणून आम्ही सुटलो. त्यानंतर मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असे सगळे पार पडून मागच्या पंधरवड्यात परवाना हाती आला आहे.

आता प्रश्न शस्त्राचा. शस्त्र विक्रेत्याच्या मते रिव्हॉल्व्हर जुन्या काळाचे झाले, त्यामुळे पिस्तूलच घ्यावे. एक परिचित गृहस्थ आपले जुने विदेशी पिस्तूल विकायला तयार आहेत, परंतु किंमत काही लाखांत सांगतात. माझे वय ५८ आहे आणि उजव्या अंगठ्यावर तापलेली मूस (धातू वितळवण्याचे भांडे) पडल्याने त्याची पकड पूर्वीपासून कमी आहे. ऐनवेळी दगा देणार नाही असे शस्त्र कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुभेदार (निवृत्त), सातारा :

दादा, फौजेत माझी बरीचशी नोकरी आरमोरर म्हणून, म्हणजे शस्त्रांची तपासणी आणि दुरुस्ती करण्यात गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नागरिकाला ९ एमएम किंवा .३८ बोअरचे शस्त्र मिळत नाही (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास). ते निषिद्ध बोअर आहेत. .२२ बोअर मिळते, पण स्वसंरक्षणासाठी बहुतेक जण .३२ घेतात. या आकाराची काडतुसे दोन प्रकारची असतात आणि येथेच नवखा माणूस फसतो. रिव्हॉल्व्हरला ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ लागते, जे १८९६ साली निघाले. पिस्तुलाला ‘एसीपी’ लागते, जे १८९९ साली ब्राउनिंगच्या पिस्तुलाबरोबर आले. दोन्हींना बाजारात ‘बत्तीस’ म्हणत असले तरी एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही, म्हणून खरेदी करताना डबीवरचे नाव स्वतः वाचून घ्यावे.

आता विश्वासार्हतेविषयी. शस्त्राने दगा दिला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा दगा काडतुसाने दिलेला असतो. कपाटात वर्षानुवर्षे पडलेले, दमट हवा लागलेले काडतूस चाप ओढल्यावर नुसते ‘टक्’ करते. अशा वेळी रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की काडतुसांचे कप्पे असलेली चक्री फिरते आणि पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. आणखी काहीही करावे लागत नाही. पिस्तुलात मात्र मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) तळहाताने ठोकून, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचून, न फुटलेले काडतूस बाहेर टाकावे लागते. शंभर वेळा सराव केलेल्या माणसाला ते दोन सेकंदांचे काम आहे, परंतु अंधारात, गाडीत बसलेल्या आणि हात थरथरत असलेल्या माणसाला ते सुचेलच असे नाही. त्यातून .३२ बोअरच्या बहुतेक पिस्तुलांची रचना अशी असते की मागे येणारी स्लाइड केवळ तिचे वजन आणि स्प्रिंग यांच्या जोरावरच आवरली जाते, त्यामुळे ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. आपल्या अंगठ्याचा विचार करता, दुकानात रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड पाच-सहा वेळा सलग खेचून पाहावी. तिसऱ्या खेपेलाच बोटे निसटू लागली, तर ते पिस्तूल कितीही चांगले असले तरी आपल्यासाठी नाही.

एक धोका मात्र दोन्हींत सारखाच आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बार नेहमीसारखा न कडाडता ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार काढला तर नळी फुटते आणि हात जातो. तेव्हा नुसत्या ‘टक्’वर पुढचा चाप ओढणे ठीक, परंतु फुसक्या बारानंतर थांबलेच पाहिजे. सरावाच्या वेळी तर साध्या ‘टक्’नंतरही नळी निशाण्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट वाट पाहावी, कारण एखादे काडतूस उशिराने पेटते.

पर्यायांपैकी कानपूरचे सरकारी बनावटीचे .३२ रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडते, सहा काडतुसे घेते आणि ठिकठिकाणी त्याची दुरुस्ती करणारे मिळतात. ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर २०१४ साली आले. ते टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे आहे आणि तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. हलके असल्याने बाळगायला सोपे, पण हलके शस्त्र हाताला धक्का अधिक देते. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ या रिव्हॉल्व्हरची चक्री बाजूला उघडते. पिस्तुलातच मन असेल तर ‘अशनी’ पाहावे. जुन्या विदेशी पिस्तुलाविषयी मी आपल्याला स्पष्टच सांगतो : ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला आयात बंद झाली, म्हणून त्यांच्या किमती गगनाला भिडल्या आहेत. ती किंमत दुर्मीळतेची आहे. झिजलेली स्प्रिंग आणि न मिळणारा सुटा भाग यांच्यावर त्या किमतीने काहीच उपाय होत नाही.

रिव्हॉल्व्हर निवडताना ते रिकामे असल्याची खात्री करून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून हलके पिळून पाहावे; सांध्यात खडखड जाणवली तर दुसरे मागावे. विक्रेत्याची परवानगी घेऊन घोडा मागे ओढावा आणि चक्री बोटांनी हलवून पाहावी. ती सहाही कप्प्यांवर घट्ट बसली पाहिजे. नळीत उजेड पाडून आतले चरे स्वच्छ आहेत का ते बघावे. चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून बाराच्या वेळी तापलेला वायू बाहेर येतो, तेव्हा पकडताना डाव्या हाताची बोटे त्या फटीजवळ कधीही येऊ देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट राहिली. शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवू नये. चामडे ओल धरते, लोखंडाला गंज चढतो आणि पट्ट्यातल्या पितळी काडतुसांवर हिरवी पुटी येते. पावसाळ्यात तर आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरवावाच.

मृण्मयी, कोल्हापूर :

खानापूरकर काका, मला शस्त्रातले तांत्रिक ज्ञान नाही, पण आमच्या घरात घडलेले सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या वडिलांकडे परवान्याचे पिस्तूल होते. खंडेनवमीला पूजेसाठी ते काढताना त्यांनी मॅगझिन काढून पाटावर ठेवले आणि पिस्तूल रिकामे झाले असे समजून चाप दाबला. एक काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात शिल्लक होते. गोळी देवघराच्या दाराची फळी भेदून भिंतीत घुसली. माझा पाच वर्षांचा भाचा क्षणापूर्वीच तेथून झेंडूची फुले आणायला उठला होता. त्या फळीचे भोक वडिलांनी शेवटपर्यंत बुजवू दिले नाही.

मॅगझिन काढले तरी पिस्तूल भरलेले असू शकते, हे आपल्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही कप्पे डोळ्यांना दिसतात, एवढा फरक मला तेव्हापासून कळतो. नातवंडे असतील तर शस्त्र कुलपात आणि किल्ली स्वतःच्या अंगावर, यात कोणतीही सवलत ठेवू नका.

वकील, सांगली :

सुभेदारसाहेबांनी शस्त्राचे सांगितले आहेच. मी कायद्यापुरते लिहितो. आपला परवाना काढून त्यावरची हद्द आधी वाचा. तो महाराष्ट्रापुरता असेल तर कोइमतूरला जाताना शस्त्र सोबत नेता येणार नाही. त्यासाठी हद्द वाढवून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे, तेव्हा नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर ठाण्यातून पोच घेतल्याशिवाय परतू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वापराची मर्यादा. खासगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापत होण्याची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडेपर्यंत हा हक्क जाऊ शकतो. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी यांविरुद्धही तो मर्यादेत राहून मिळतो. परंतु कलम ३७ म्हणते की बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर हा बचाव होता असे न्यायालयात सिद्ध करणे अत्यंत कठीण जाईल. श्रावणातल्या त्या रात्री आपली गाडी चालू होती आणि रस्ता मोकळा होता. तशा प्रसंगी जवळचे ठाणे गाठणे आणि ११२ वर फोन करणे हेच कायद्याला अपेक्षित आहे. तेव्हा प्रवासाची वेळ आणि रस्ता बदलत राहणे, शक्य तेथे दिवसाच ने-आण करणे आणि मालाचा विमा उतरवणे, हे शस्त्र घेण्याआधी करावे.

खानापूरकर :

सुभेदारसाहेब, वकीलसाहेब आणि मृण्मयीताई, आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल पुन्हा विक्रेत्याकडे गेलो. पिस्तुलाची स्लाइड मला दोनदा खेचता आली, तिसऱ्यांदा अंगठ्याने साथ सोडली. रिव्हॉल्व्हर उघडण्याचा खटका मी डाव्या अंगठ्याने दाबला आणि ते सहज उघडले. मग डमी काडतुसे घालून दहा वेळा चाप ओढला. पहिल्या तीन-चार वेळा चाप जड लागून नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायची खूण) पार खाली जात होती, शेवटी थोडी स्थिर राहू लागली. सरकारी बनावटीचे साधे रिव्हॉल्व्हर नक्की केले आहे. पहिला नमुना पिळून पाहिला तेव्हा सांध्यात किंचित हालचाल जाणवली, म्हणून दुसरा काढून घेतला. त्या विदेशी पिस्तुलाला नकार कळवला.

परवान्यावर हद्द ‘महाराष्ट्र राज्य’ अशीच आहे. हे मी वाचलेच नव्हते, आणि पुढच्याच आठवड्यात कोइमतूरला निघणार होतो. आता शस्त्र घरी तिजोरीत ठेवून जाईन. सुभेदारसाहेब, तिजोरीत ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या पुरतील का, की रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवू?

सुभेदार (निवृत्त), सातारा :

फडक्यात गुंडाळू नका, तेही ओल धरते. तेलाचा पातळ हात देऊन पुसून घ्या, शेजारी पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला. काडतुसे वेगळ्या कप्प्यात, मूळ डबीतच राहू द्या. त्यांना मात्र तेलाचे बोट लागू देऊ नका, कारण तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीतून (जिच्यावर घोडा आपटून ठिणगी पडते) आत झिरपले की तेच काडतूस पुढे ‘टक्’ करते.