सिमेंट बोर्डासाठी ग्रायंडर नको

भाऊ, धुळ्याच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला ८ मिमीचे फायबर सिमेंट बोर्ड लावायचेत आणि मिस्त्री चार इंची ग्रायंडरच वापरू म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. वर दोघांनी त्याला दुजोराही दिलाय. माझं मत वेगळं आहे.

ग्रायंडरवर डायमंड ब्लेड लावलं की बोर्ड लोण्यासारखा कापला जातो, हे खरं. पण या बोर्डात सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, असते आणि ते ब्लेड तिचं अगदी बारीक पीठ करतं. ती धूळ फुफ्फुसात खोल जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं ती अडवत नाही. निदान एन-९५ मास्क हवा, तोही नाकावर घट्ट बसलेला.

मी जळगावला काम केलं तेव्हा सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवरची करवत घेतली, पीसीडी ब्लेडची (दातांना कृत्रिम हिऱ्याची टोकं असलेलं पातं). दात मोजके, चार ते आठ, त्यामुळे पिठाऐवजी जाडसर भुगा पडतो. मागे व्हॅक्यूमची नळी जोडता आली तर फारच उत्तम. लाकडाचं ब्लेड मात्र लावू नका, लगेच बोथट होतं.

सरळ काप थोडेच असतील तर कार्बाइड या कठीण धातूसारख्या पदार्थाचं टोक असलेल्या हत्याराने पट्टीवरून खोल रेघ मारा आणि बोर्ड मोडा. कड खडबडीत येते, पण ती कोपऱ्याच्या पट्टीखाली झाकते. धूळ जवळपास नाहीच.

आणि कापायचं ते अंगणात, वारा पाठीशी घेऊन. मे महिन्यात ऊन टाळायला मिस्त्री घरात बसून कापू पाहतात, तेवढं करू देऊ नका.