मिनीव्हॅनचा केबिन फिल्टर: मुदतीने बदलावा की पाहून?

सातआसनी (मूळ धागा)

आमची मिनीव्हॅन सात आसनांची आहे आणि बहुतेक वेळा ती भरलेलीच असते. गेल्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, काढून दाखवला, हवा मारून साफ केला आणि अजून वर्षभर चालेल असे सांगून तोच पुन्हा बसवला. मी तेव्हा मान डोलावली. परंतु घरी येऊन गाडीची पुस्तिका उघडली, तर फिल्टर बदलण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. शेवटी नवा फिल्टर आणून मी तो स्वतःच बसवला. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हा फिल्टर मुदतीने बदलावा, साफ करून पुन्हा वापरू नये आणि जमत असेल तर घरीच बदलावा.

आपण ज्याला फिल्टरचा कागद म्हणतो, ते बहुधा कृत्रिम तंतूंचे न विणलेले, घड्या घातलेले कापड असते, आणि अनेक फिल्टरांमध्ये या तंतूंना स्थिर विद्युतभार दिलेला असतो. तंतूंमधल्या फटींतून सहज निसटून जातील इतके बारीक कण या भारामुळे तंतूंकडे ओढले जातात. धूळ आणि तेलकट धूर साचत गेला की हा परिणाम क्षीण होतो. हवेच्या झोताने वरची धूळ उडते, पण गेलेला भार परत येत नाही. उलट झोत जोराचा असेल तर तंतू विस्कटतात. सक्रिय कार्बनच्या फिल्टरची गोष्ट तर आणखी अवघड आहे. तो मुळातच करडा असतो आणि त्याची वास धरण्याची क्षमता संपली, तरी दिसण्यात काहीच फरक पडत नाही.

फिल्टर तुंबला की ब्लोअरच्या (आत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) मोटारीवरचा भार वाढतो, हाही एक मुद्दा आहेच.

शंकेखोर

पुस्तिका म्हणजे वेद नव्हे. कोणी १५,००० किलोमीटर सांगतो, कोणी ३०,०००, आणि धुळीच्या रस्त्यावर याहून लवकर बदला असे बहुतेक पुस्तिकाच सांगतात. म्हणजे फिल्टरची अवस्था वापरावर ठरते, हे त्यांनाही मान्य आहे. मग वापर पाहायचा सोडून आकडा का पाहायचा? दुसरे असे की, घड्यांवर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळण्याचे काम करू लागतो. त्यामुळे थोडा मळलेला फिल्टर कण अडवण्यात कमी पडतोच असे नाही, हवेचा प्रवाह मात्र घटतो. म्हणून मी दर सहा महिन्यांनी फिल्टर काढून पाहतो आणि पंख्याच्या त्याच वेगावर झोत पूर्वीसारखा लागतो आहे ना, एवढे तपासतो. झोत टिकून असेल, तर केवळ तारीख आली म्हणून चांगली वस्तू कचऱ्यात टाकणे मला पटत नाही.

पाना-पक्कड

मी गॅरेजमध्ये काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे सुनावतो. हवा मारून फिल्टर परत बसवणे चूक आहे, हे मान्य. परंतु फिल्टर बदला म्हटले की खर्च वाढवता, असे ऐकवणारे ग्राहकही असतात.

मोटारीच्या भाराचा मुद्दा मात्र दुरुस्त करायला हवा. या प्रकारच्या ब्लोअरमध्ये वाट अडली की पंखा कमी हवा ढकलतो आणि मोटार वीजही कमी घेते. खरा धोका थंडाव्याचा आहे, कारण मोटार आणि वेग ठरवणारा रेझिस्टर यांना गार ठेवणारी हवा तीच असते. त्याशिवाय प्रवाह फारच मंदावला तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरू शकतो. आणि एसी लावताच येणारा कुबट वास बहुधा त्या ओल्या कॉइलचा असतो. पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली असेल तर नवा फिल्टर घालूनही तो जात नाही.

घरी बदलण्याबाबत सांगायचे, तर पुष्कळ गाड्यांमध्ये हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली उतरतो. मात्र बाजूची दोरी किंवा दांडी आधी सोडवावी लागते. ती न सोडवता ओढल्यामुळे मोडलेले खटके मी किती पाहिले, याची गणती नाही. ब्लोअर बंद ठेवूनच फिल्टर काढावा, नाहीतर त्यावरची सुकी पाने थेट पंख्यात जातात. फ्रेमवरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने असावा. फिल्टर वाकवून कोंबला तर कडेने फट राहते आणि हवा न गाळताच आत येते. एवढी काळजी घेणार नसाल, तर मजुरी द्या.

मागच्या रांगेतून

चर्चा सगळी पुढच्या फिल्टरची चालली आहे, परंतु मिनीव्हॅनमध्ये मागच्या प्रवाशांसाठी बहुधा स्वतंत्र ब्लोअर आणि कॉइल असते. हा मागचा भाग गाडीतलीच हवा फिरवतो आणि अनेक गाड्यांमध्ये त्याला फिल्टरच नसतो. बाहेरचा धूर टाळण्यासाठी आतलीच हवा फिरवण्याचे बटण तासन्‌तास दाबून ठेवले, तर सात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि चालकाला जडपणा येऊ लागतो. तेव्हा मधूनमधून बाहेरची हवा घ्यावीच लागते, आणि ती त्या पुढच्या फिल्टरमधूनच येते. म्हणून शंकेखोर यांच्यापेक्षा मला धागाकर्त्याचे म्हणणे पटते.

सातआसनी

मोटारीबद्दलची चूक मान्य करतो. (दोरी मीही आधी सोडवली नव्हती, खटका वाचला, ते नशीब.) धुळीच्या थराबद्दल शंकेखोर म्हणतात ते साध्या तंतूंपुरते बरोबर आहे, पण झोताच्या कसोटीवर कार्बन कसा तपासणार? तो संपला तरी झोत तसाच लागतो. यापुढे फिल्टर बसवताना फ्रेमवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवणार आहे, म्हणजे पुढच्या वेळी वाद स्मरणशक्तीवर जाणार नाही.

शंकेखोर

कार्बनपुरते मान्य. माझा फिल्टर साधा पांढरा आहे, आणि तो मी पाहूनच बदलणार.