मदत हवी आहे: पालिकेच्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून परवानगी कशी मिळवायची?

आम्ही लालबाग-परळचे ५ जण, सगळे निवृत्त. परळला केईएम, टाटा, वाडिया हाकेच्या अंतरावर. गावाहून आलेली माणसं सकाळपासून रांगेत असतात आणि केसपेपर कुठे काढायचा हेच अनेकांना कळत नाही. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार लागतं. कार्ड गावी राहिलं की आख्खी फेरी वाया. मदतीला योजनेचे कर्मचारी, म्हणजे आरोग्यमित्र असतात, पण त्यांच्या खिडकीपर्यंत नेणार कोण? आम्हाला तेवढंच करायचंय. वाट दाखवणं, फॉर्म भरून देणं, एकट्या आलेल्या आजींसोबत एक्सरेपर्यंत जाणं. सोबतीला कोणी असलं की माणसाला किती धीर येतो, हे आईच्या आजारपणात जवळून पाहिलंय.

एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात दोनदा जाऊन लेखी अर्ज दिला. उत्तर एकच: नोंदणीकृत संस्थेचं पत्र आणा. स्वतःची संस्था काढायची तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान ७ सभासद हवेत, वर हिशेब-ऑडिट. तो व्याप झेपणार नाही.

वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२. मानधन नको. औषधं, रिपोर्ट यांना हात लावणार नाही. पोलीस पडताळणीला तयार आहोत.

संस्थेशिवाय, व्यक्ती म्हणून कोणाला असं ओळखपत्र मिळालंय का? अर्ज थेट अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे केला होता का? आणि नाहीच जमलं, तर परळ-दादरची कोणती संस्था आम्हाला आपल्या पत्रावर घेईल?