'मार्कर'ला मराठीत काय म्हणायचं? (कंपवात, मेंदूच्या लहरी आणि दुतोंड्या मारुती)

गंगापूररोडकर:
वडिलांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, आहे. त्यांच्या व्यायामगटासाठी मी दोन पानांचं मराठी माहितीपत्रक करतोय. सगळं झालं, एका वाक्यापाशी तीन दिवस अडलोय. आशय असा की मेंदूतल्या बीटा लहरींचं मोजमाप हे पार्किन्सनमधल्या हालचालींच्या अडचणींचं 'मार्कर' मानलं जातं. मी लिहिलं, 'बीटा लहरी हे कंपवाताचे जैवचिन्हक आहे.' वडिलांनी वाचून विचारलं, "म्हणजे माझ्यावर कुणी शिक्का मारलाय का रे?" ते वाक्य खोडलं. आता तुम्ही सुचवा.

जुनामास्तर:
'चिन्हक' कोशातच बरं दिसतं. उरतात लक्षण, खूण, सूचक, निर्देशांक आणि दर्शक. 'लक्षण' इथे चालणार नाही, कारण लक्षण रोग्याला जाणवतं. सदऱ्याचं बटण लावायला वेळ लागतो, सहीचं अक्षर बारीक होत जातं, ही लक्षणं. स्वतःच्या बीटा लहरी आजवर कुणाला जाणवलेल्या नाहीत. 'निर्देशांक' शेअर बाजाराने पळवला. 'सूचक' म्हटलं की पतसंस्थेची सभा आठवते आणि अनुमोदक कोण, असं विचारावंसं वाटतं! 'दर्शक'ला एकट्याला सोडलं तर तो नाटकाला जाऊन बसतो, पण जोडशब्दात नीट काम करतो. दिशादर्शक, तसं 'मंदतादर्शक'. माझं मत 'दर्शक'ला. तोंडी बोलताना मात्र 'खूण'च म्हणा.

फिजिओताई:
मास्तर, 'मंदतादर्शक' हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण खरी गोम तिथेच आहे. दादा, तुमच्या वाक्यात 'चिन्हक'पेक्षा मोठी चूक 'कंपवाताचे' या शब्दात आहे.

'कंपवात' म्हटलं की डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. पण बीटा लहरींचं नातं कंपाशी फारसं जुळत नाही. त्या जुळतात मंदपणाशी आणि ताठरपणाशी. स्वस्थ बसलेल्या हाताची थरथर सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होते, बीटा लहरी सेकंदाला 13 ते 30. शिवाय बीटा लहरी निरोगी मेंदूतही असतात. आपण हात उचलायच्या जरा आधी त्या ओसरतात, हालचाल संपली की पुन्हा उसळतात. म्हणजे 'आहे तसंच राहू दे' म्हणणारा हा ताल. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या खोल भागातल्या एका लहानशा केंद्रात हा ताल जास्त जोरात आणि जास्त वेळ टिकून राहतो. लेव्होडोपाची गोळी लागू पडली की तो उतरतो, आणि तो जितका उतरतो त्या मानाने माणूस मोकळा होतो.

म्हणून 'बीटा लहरी वाढल्या म्हणजे कंपवात' असं लिहिलंत, तर उद्या कुणीतरी निदान करून घ्यायला ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या चाचणीच्या, दारात उभं राहील. निदान अजूनही डॉक्टर हालचाली बघूनच करतात. चिमूट भराभर उघडमिट करायला लावतात, चालायला लावतात, मनगट फिरवून ताठरपणा बघतात.

गंगापूररोडकर:
ताई, मग हे ईईजीच्या टोपीने मोजतात का? वडिलांचा ईईजी मागे एकदा काढला होता, त्यात असलं काही लिहिलेलं नव्हतं.

फिजिओताई:
नेहमीच्या ईईजीत फिट्स वगैरे बघतात, हे बघत नाहीत. डोक्यावरून मिळणारा संकेत मायक्रोव्होल्टमध्ये असतो, हृदयाच्या पट्टीवरचा मिलिव्होल्टमध्ये. त्यात मध्ये कवटी. वरून केलेल्या मोजमापांवर संशोधन चालू आहे, पण निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. ठाम माहिती मिळाली ती मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे. ज्या तारांनी मेंदूला विजेचं उत्तेजन द्यायचं, त्यांनीच आतलं ऐकताही येतं. एक अडचण बघा, निरोगी माणसाच्या मेंदूत तारा कोण घालू देईल? त्यामुळे 'जास्त' म्हणतो ते बहुतेक त्याच माणसाच्या गोळीआधीच्या आणि गोळीनंतरच्या तुलनेत.

पंचवटीकर:
एवढी चर्चा कशाला? आपल्याकडे नाशिकला मार्कर गोदावरीत रामकुंडाजवळ उभा आहे की, दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती! पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण क्युसेकचे आकडे विचारतो का? "मारुतीच्या कुठवर आलं?" एवढंच विचारतो. गुडघ्यापर्यंत आलं तर बघायला जायचं, कमरेला लागलं की भांडीबाजारातले दुकानदार माल उचलायला लागतात, गळ्याशी आलं की सराफ बाजाराची झोप उडते. दुतोंड्या मारुती म्हणजे पूर नव्हे, आणि तो पूर आणतही नाही. पण त्याच्याकडे बघून पुराचं माप कळतं. पत्रकात हेच लिहा, वडिलांना अर्ध्या मिनिटात समजेल.

जुनामास्तर:
वा! न्यायशास्त्रात धूर बघून अग्नीचं अनुमान करतात, पण धूर 'आहे की नाही' एवढंच सांगतो. मारुती 'किती' तेही सांगतो. माझा 'दर्शक' इथे फिका पडला.

फिजिओताई:
दाखला आवडला, पण दोन ठिकाणी जपून वापरा. मारुती सगळ्या नाशिकला एकच, इथे ज्याचा त्याचा मारुती वेगळ्या उंचीचा. शेजारच्या काकांचा बीटाचा आकडा घेऊन तुमच्या वडिलांची गोळी ठरणार नाही. दुसरं, मारुती पूर आणत नाही हे पक्कं, बीटाबद्दल मात्र तसं छातीठोक म्हणता येत नाही. बाहेरून सेकंदाला 20 च्या तालाने उत्तेजन दिलं तर हालचाल किंचित मंदावते असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे हा मारुती थोडंफार पाणी अडवतही असेल.

औषधवाला:
गोळे कॉलनीतून नमस्कार. मारुतीकडे बघून धरणाचे दरवाजे आपोआप खाली-वर झाले तर? तसं यंत्र आलंय. मेंदूतल्या त्या तारांना जोडलेलं जुनं यंत्र दिवसरात्र एकाच जोराने, सेकंदाला साधारण 130 वेळा उत्तेजन देतं. नवं यंत्र आतल्या लहरी ऐकून जोर कमी-जास्त करतं. अमेरिकेत त्याला 2025 मध्ये मान्यता मिळाली. त्याला मराठीत काय म्हणाल?

पंचवटीकर:
'स्वयंजुळारी' वगैरे काही बनवू नका, एवढी विनंती. 'गरजेनुसार उत्तेजन' पुरे.

गंगापूररोडकर:
मान्य. आता दुसरा अडथळा. मंदपणासाठी एका कोशवजा यादीत 'मंदचलन' सापडलं.

जुनामास्तर:
नाशिकमध्ये नको! इथे चलन म्हणजे नाशिकरोडच्या प्रेसमधलं. 'मंदचलन' वाचून लोकांना वाटेल नोटांची छपाई थंडावली. 'हालचालीतला मंदपणा' असं दोन शब्दांत लिहा. हालचालींसंबंधीच्या इंग्रजी 'मोटर'साठी शाळेच्या पुस्तकात 'प्रेरक' आहे, पण 'प्रेरक अडचणी' म्हटलं की व्याख्यानमाला वाटते. तिथेही 'हालचालींच्या अडचणी'च.

औषधवाला:
आणि कृपया 'लकवा' लिहू नका. दुकानात रोज ऐकतो. लकव्यात शक्तीच जाते, इथे शक्ती असते पण हात वेळेवर निघत नाही.

जुनामास्तर:
हा घोळ इंग्रजांपासूनचा आहे. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये निबंध लिहिला तेव्हा रोगाला 'थरथरता लकवा' अशा अर्थाचंच नाव दिलं होतं. पुढे शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी हरकत घेतली की यात खरा लकवा नाही, आणि पार्किन्सन यांचं नाव पुढे केलं. आपण 'लकवा' टाळला तरी 'कंप' धरून बसलो. काहींना तर कंप नसतोच, नुसता मंदपणा आणि ताठरपणा.

पंचवटीकर:
'लहर' की 'तरंग'?

जुनामास्तर:
लहर. मेंदूच्या बाबतीत लहरी असणं काही खोटं नाही. हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि ती छापायला 1929 उजाडलं. इतका सावध माणूस लहरींच्या मागे लागला होता!

गंगापूररोडकर:
वाक्य असं केलंय: "मेंदूतल्या बीटा लहरी ही हालचालीतल्या मंदपणाची आणि ताठरपणाची एक खूण आहे, थरथरीची नाही. दुतोंड्या मारुतीवरून पुराचा अंदाज घेतो तसा तिच्यावरून अंदाज घेतात. प्रत्येकाची पातळी वेगळी असते, आणि नुसत्या या खुणेवरून रोगाचं निदान होत नाही." वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "आत्ता कमरेपर्यंत आहे, गोळी घेतली की घोट्यावर येईल."

फिजिओताई:
हेच छापा. गोळीचा अंमल संपण्याला इंग्रजीत 'ऑफ' म्हणतात, त्यासाठी शब्द शोधत होते. गटातले सगळे आपापसात 'गोळी उतरली' म्हणतात, तोही घ्या. चालताना पाऊल उचललंच न जाण्याला मात्र 'गोठणे' म्हणू की 'खिळणे', यावर आमच्या गटात दोन तट आहेत.

पंचवटीकर:
खिळणे. गोठायला नाशिकची थंडी हल्ली तेवढी पडते कुठे?

फिजिओताई:
निफाडचे एक काका आहेत गटात, ते 'गोठणे'च म्हणतात.